घरातून असं म्हणणं आहे

दत्ताराम परबांच्या घरात ज्याच्याशी बोलायचं तो सोडून बाकी सगळ्यांशी बोललं जाई. घर म्हणजे घाटकोपरला भटवाडीच्या चढावर, चाळीतल्या दोन खोल्या. मधे दार नाही, फुलाफुलांचा पडदा. पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर दत्ताराम, मागच्या खोलीत स्टोव्हशी त्यांची सून वनमाला, आणि पडद्यापाशी तांदूळ निवडत बसलेली सासू, शेवंती. चहाचा पहिला घोट घेतला की दत्ताराम म्हणत, "तिका सांग, साखर कमी पडली."

वनमाला तीन हातांवर उभी. बहिरी नव्हती. तरी शेवंती मान वळवून म्हणे, "गो, ते म्हणतत, चाय बरी झाली हा, जराशी साखर व्हयी होती."

मग वनमालाने म्हणायचं, "आई, मामंजींना सांगा, रेशनची साखर संपलीय."

आणि शेवंतीने पडद्याकडे तोंड करून सांगायचं, "ती म्हणता, उद्या आणतंय, रागाव नकात."

रागावायचं काही कारणच नसे. पण शेवंतीच्या हातातून कुठलाही निरोप कोरडा जात नसे, त्यावर ती आपल्या पदरचं थोडं तूप सोडायचीच. सासऱ्याने सुनेशी आणि सुनेने सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्यांच्या वाडीची रीत. मालवणातून ती बोटीने मुंबईला आली, गिरणगावात राहिली, आणि तिथून दत्तारामांच्या वळकटीबरोबर घाटकोपरच्या डोंगरावर चढली.

वनमाला मुलुंडची. माहेरी वडील पुढच्या खोलीतून थेट तिच्याच नावाने ओरडत आणि ती मागच्या खोलीतून थेट "काय हो?" म्हणून ओरडे. लग्नानंतर पहिले काही महिने तिला या निरोपानिरोपीचं हसू यायचं. मग हसू गेलं आणि सवय उरली. चार वर्षांत सासऱ्यांच्या तोंडून तिने स्वतःचं नाव एकदाही ऐकलं नव्हतं. "ती", "तिका", "घरातली". एकदा ती तापाने फणफणली होती, तेव्हा डॉक्टरला आणायला ते स्वतः चढ उतरून धावत गेले. परत आल्यावर मात्र तिच्या उशाशी उभं राहून शेवंतीला विचारलं, "तिका आता कसा वाटता?" माणूस वाईट नव्हता, आणि हेच जास्त अवघड होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं.

आणि भित्रा तर मुळीच नव्हता. मोठ्या संपात गिरणी बंद पडली, पुढे थोड्यांना परत घ्यायला निघाली, तेव्हा साहेबाने अट घातली होती, झाल्या गोष्टीची माफी लिहून द्या आणि कामावर या. दत्ताराम साहेबाच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी चूक केली नाही. माफी मागणार नाही." तीस वर्षांची नोकरी गेली. आता ते विक्रोळीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. ही गोष्ट चाळीत सगळ्यांना पाठ होती आणि दत्ताराम स्वतः ती कधीच सांगत नसत, त्यामुळे तिचं वजन आणखी वाढलं होतं.

वनमालाचा नवरा चंद्रप्रकाश ट्रॉम्बेला एका कारखान्यात फिटर. गरीब गाय. बापासमोर मान खाली, बायकोसमोरही मान खाली, त्यामुळे त्याला घरातल्या फरश्या फार चांगल्या ठाऊक होत्या.

वनमालाचं स्वतःचं असं एकच होतं, तिचा क्लास. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली सून घरात नुसती चपात्या लाटते हे चंद्रप्रकाशलाही बरं वाटेना. दत्तारामांनी आपणहून मंडळात शब्द टाकला आणि चाळीच्या तळमजल्यावरची मंडळाची खोली सकाळच्या वेळेला तिला मिळाली. वरचीवाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई, अशी पाटी असलेली ती खोली. भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर, कोपऱ्यात दशावताराच्या मुकुटांची ट्रंक, खुंटीला पखवाज, लग्नाकार्याला द्यायची पातेली एकात एक घालून छताला टेकलेली. या सगळ्याच्या मधे एका खिळ्यावर वनमालाचा फळा.

मार्चात दहावीला इंग्रजीत गचकलेल्या मुली तिच्याकडे येत. बाकी विषय सुटलेले, इंग्रजीने तेवढा पाय धरलेला. ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा. त्यात सुटल्या तर पुढे काहीतरी, नाही सुटल्या तर पापड, मणी, शिलाई, आणि मग लग्न. त्यांच्या घरी पुस्तक उघडायला जागा नव्हती. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, त्यात रेडिओ आणि आजारी आजोबा. सकाळचा हा वेळ आणि ही खोली, एवढीच त्यांची जागा.

गणपती होऊन गावाला गेलेली मंडळी परत आली त्या आठवड्यात वनमाला डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवत होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि मुलींचा हमखास चुकणारा. तिने फळ्यावर लिहिलं: मीरा सेड, "आय अॅम हंग्री नाऊ." खाली लिहिलं: मीरा सेड दॅट शी वॉज हंग्री देन.

मीरा पहिल्या रांगेत बसे. रंग सावळा, वेण्या घट्ट, जीभ सैल. तिने हात वर केला.

"बाई, भूक मला लागलीय ना? मग खाली 'शी' कोण?"

"तूच. पण आता तुझ्याबद्दल दुसरं कोणीतरी सांगतंय."

"आणि 'वॉज' कशाला? मी अजून जेवले कुठे?"

मुली फिदीफिदी हसल्या. वनमालाही हसली. "अगं, सांगणारा सांगेपर्यंत वेळ जातो. म्हणून आत्ताचं तेव्हाचं होतं, इथलं तिथलं होतं."

"म्हणजे तो सांगत बसणार आणि मी उपाशी." मीरा पेन्सिल चावत पुढे म्हणाली, "बाई, आणि काल ते 'सेड टु' होतं, त्याचं कधी 'ऑर्डर्ड' केलंत, कधी 'रिक्वेस्टेड'. मी नुसतं सांगितलं असेल तर ती विनंती होती की हुकूम, ते कोण ठरवणार?"

"सांगणारा."

"मला न विचारता?"

"तुला न विचारता," वनमाला म्हणाली. म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते जरा टोचलं. पण पुढची पंधरा वाक्यं उरली होती, ती त्यांच्याकडे वळली.

मीराचे वडील गावाला शेतावर. ती काकांकडे राहायची. काका म्हणजे दशरथ, मंडळाचा अध्यक्ष, पांढरी विजार, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्याने पुतणीसाठी इमिटेशन दागिन्यांच्या कारखान्यात मणी ओवायचं काम बघून ठेवलं होतं, गणपतीहून आल्या आल्या जायचं. त्याने ते मीराला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. बायकोने मीराला सांगितलं. रीतीप्रमाणे मीराने काकूकडे रडायचं, काकूने रात्री काकांच्या कानावर घालायचं, आणि काकांनी ऐकलं न ऐकलं करायचं. मीरा रडली नाही. जेवणाच्या ताटावर बसलेल्या काकांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी ऑक्टोबरची परीक्षा देणार. कामाला मग जाईन."

दशरथचा घास हातात राहिला. त्याच्या घरात असं समोर उभं राहून आजवर कोणी बोललं नव्हतं, त्याची आईसुद्धा नाही. मुलगी बिघडली, हे त्याने जागच्या जागी ठरवलं. आणि मुलगी आपोआप बिघडत नसते, तिला कोणीतरी बिघडवतं. ते कोण, हे शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्याच दिवशी चाळभर झालं की रविवारच्या बैठकीत विषय निघणार आहे: मंडळाची खोली मंडळाच्या कामासाठी मोकळी करून घेणे.

शनिवारी संध्याकाळी दत्ताराम ड्युटीवरून आले, पाय धुतले, खाटेवर बसले. पडद्याकडे न बघता म्हणाले, "तिका विचार, तिचा काय म्हणणा आसा? उद्या बैठकीत माका सांगूक लागतला."

बैठकीची रीतही घरासारखीच होती. बायका बैठकीत बोलत नसत. बाईवर काही विषय आला तर तिच्या घरचा पुरुष उभा राही आणि म्हणे, "घरातून असं म्हणणं आहे की..." बाई दोन पावलांवर चहा गाळत असली तरी तिचं म्हणणं घरातूनच यायचं.

शेवंतीने विचारायच्या आत वनमालाने हातातली पोळी तव्यावर टाकली. "सांगा, परीक्षा होईपर्यंत मी क्लास बंद करणार नाही. खोली सोडणार नाही. आणि मीराने काही चूक केलेली नाही, ती खरं तेच बोलली."

शेवंतीने तांदळातला एक खडा काढून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "ती म्हणता, परीक्षा जवळ आसा, तेवडी सवलत गावली तर बरा होतला. मंडळाचो मान आसाच."

"आई!" वनमाला म्हणाली.

"गप गो. तसा सांगतत काय?" शेवंती कुजबुजली.

पलीकडून दत्ताराम खाकरले. "बरा," एवढंच म्हणाले. वनमालाने वाद घातला नाही. पडदा फुलांचा होता, भिंत नव्हती. तिचा शब्द न् शब्द त्यांच्या कानांवर पडला होता हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. शेवंतीने काहीही सांगो, त्यांनी खरं तेच ऐकलं होतं. आणि ते साहेबासमोर न वाकलेले दत्ताराम परब होते. तिला वाटलं, उद्या निदान हा माणूस आपलं वाक्य आहे तसं ठेवेल. ती निर्धास्त झोपली.

रविवारी दुपारी जेवणं उरकून बैठक बसली. सतरंजीवर पुरुष, दाराबाहेरच्या पडवीत बायका. दोन स्टोव्ह पेटलेले, मोठ्या पातेल्यात चहा. मीरा कपांचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी उभी होती. आत भिंतीवर फळा तसाच होता, शनिवारची वाक्यं पुसायची राहिलेली. दशरथ नेमका त्याच्या खाली बसला होता.

आधी गावच्या देवळाच्या पत्र्यांचं झालं. मग दशरथने घसा साफ केला.

"आता खोलीचा विषय. मंडळाने चांगल्या मनाने जागा दिली. पण तिथे पोरींना इंग्रजीबरोबर आणखी काय काय शिकवलं जातं, ते माझ्या घरात दिसलं. लहान तोंडाने मोठ्यांना उत्तरं देणं, हे काय दहावीच्या पुस्तकात आहे? दत्ताराम, तुझ्या घरचा प्रश्न आहे. तूच बोल."

दत्ताराम उठले. शेजारी चंद्रप्रकाश सतरंजीची दोरी उसवत बसला होता. दत्तारामांनी हात जोडले. घरी मालवणी बोलणारे ते बैठकीत पुस्तकी बोलत.

"घरातून असं म्हणणं आहे," ते म्हणाले, "की झाल्या प्रकाराचं वाईट वाटतं. मंडळाचं मन दुखवायचा हेतू नव्हता. त्याबद्दल माफी मागितली आहे. मुलीला समज देऊ असं सांगितलं आहे. आणि मंडळाला अडचण होत असेल तर खोली उद्यापासून मोकळी."

पाचसहा माना हलल्या. कोणीतरी "वा, समंजस आहे" म्हणालं. दशरथने खिशातलं एक पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं. "मग झालं तर. विषय संपला. चहा आणा."

पडवीत वनमालाच्या हातात चहाची गाळणी होती. आधी तिला कळेचना की हे कोणाबद्दल चाललंय. कोण ही बाई, जिला वाईट वाटतं? जी माफी मागते, समज देते, खोली मोकळी करते? शहाणी, गरीब, सगळ्यांना आवडेल अशी कोणीतरी. मग तिच्या ध्यानात आलं की ती बाई म्हणजे आपण. रागाने तिचे कान तापले. त्या रागात दुःखही होतं, कारण दशरथकडून तिला काही अपेक्षा नव्हती. यांच्याकडून होती.

तिने मीराकडे पाहिलं. मीरा ट्रे घेऊन तशीच उभी होती आणि बाईंकडे बघत होती. तिने ते सगळं खरं मानलं होतं. तिच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं: बाईंनी माफी मागितली. बाई मला समज देणार.

गाळणी पातेल्यात पडली. वनमाला उंबरा ओलांडून आत आली, सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "हे मी म्हटलेलं नाही."

आवाज मोठा नव्हता. पण त्या खोलीत बाईचा आवाजच नवा होता. पखवाजाखाली डुलकी घेणारे एक आजोबा दचकून जागे झाले. पदर डोक्यावरच होता, तो तिने काढला नाही. काढायची तिला गरज वाटली नाही.

दशरथने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो दत्तारामांना म्हणाला, "दत्ताराम, सुनेला सांग. बैठकीत बायका बोलत नाहीत."

दत्तारामांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग मान सवयीने दाराकडे वळली, जिथे शेवंती कपात चहा ओतत बसली होती. "तिका सांग," ते म्हणाले, "भायर जा म्हणान."

शेवंतीने हातातला कप खाली ठेवला. तिचं सगळं आयुष्य या माणसाचे निरोप पोचवण्यात गेलं होतं. सासूचे त्याला, त्याचे सासूला, मुलाचे बापाला, बापाचे सुनेला. प्रत्येक निरोपाचे काटे तिने स्वतःच्या बोटांनी काढले होते. काल संध्याकाळीही काढले, आणि आज त्याचं काय झालं ते तिने ऐकलं होतं. तिने गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मग बसूनच राहिली.

"मी नाय सांगूचंय," ती म्हणाली.

"काय?"

"मी नाय सांगूचंय. ती थयच तुमच्यासमोर उभी आसा. तिका कान आसत, तुमका तोंड आसा. तुमीच सांगा."

पडवीतल्या बायकांमधून कसलासा आवाज आला. हसण्याचा की श्वास घेण्याचा, ते कळलं नाही. आत दत्ताराम खोलीच्या मधोमध उभे होते, एका बाजूला दशरथ, दुसऱ्या बाजूला सून, आणि मधे निरोप न्यायला कोणीच नाही.

"वनमाला," ते म्हणाले.

चार वर्षांत पहिल्यांदा. नाव उच्चारताना त्यांना जरा अडखळायला झालं. "वनमाला, भायर जा."

"नाही, मामंजी," वनमाला म्हणाली. आता तीही थेट त्यांच्याकडे बघत होती. "मी काल काय म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. ते इथे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. मग जाते." ती सतरंजीकडे वळली. "मी माफी मागितलेली नाही. मी काही चुकीचं शिकवलेलं नाही. मीरा परीक्षा देणार म्हणाली, काम करणार नाही असं म्हणाली नाही, आणि ती तुमच्याशीच बोलली, दशरथभाऊ, कारण प्रश्न तुमच्याच हातात होता. मुली परीक्षेला बसेपर्यंत मी क्लास घेणार. तुम्हाला खोली काढून घ्यायची असेल तर काढून घ्या, ती मंडळाची आहे. पण 'काढून घेतली' म्हणा. 'तिने सोडली' म्हणू नका."

मग तिने एक गोष्ट केली जी आधी ठरवलेली नव्हती. ती दशरथच्या डोक्यावरून हात लांबवून फळ्याशी पोचली. दशरथला मान खाली घालून बाजूला सरकावं लागलं. तिने खिळ्यावरून फळा उतरवला, छातीशी धरला आणि बाहेर गेली. साडीवर खडूची वाक्यं उलटी उमटली.

खोलीला संध्याकाळी कुलूप लागलं. मंडळाने तसा ठराव केला आणि चंद्रप्रकाशने हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, असा मधेच कुठेतरी धरला.

रात्री जेवणं झाल्यावर वनमाला भांडी घासत होती. पडदा बाजूला झाला. दत्ताराम कधी मागच्या खोलीत येत नसत, ते आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"माझी शोभा केलंस," ते म्हणाले.

शेवंती मोरीपाशीच होती. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आणि तुम्ही माझी," वनमाला म्हणाली. हात राखेने भरलेले होते, ते तिने तसेच ठेवले.

"मी तुझा नाव सांभाळूक गेलंय. तू म्हटलस तसाच्या तसा सांगला असता तर तुका काय काय बोलले असते."

"बोलू देत ना. मला बोलले असते, मी ऐकलं असतं. मामंजी, गिरणीत साहेबाने तुमच्याकडून माफी लिहून मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. समजा, तुम्हाला न विचारता दुसरा कोणी आत गेला असता आणि म्हणाला असता, परब माफी मागतात, त्यांना घ्या कामावर. तुमच्या भल्यासाठीच. मग?"

दत्तारामांचा हात भिंतीवर होता, तो त्यांनी खाली घेतला. नोकरी गेली तेव्हा नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, खुद्द दशरथनेही त्यांना सांगितलं होतं की एक कागद, एक सही, काय जातं? त्या वेळी काय गेलं असतं ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. आज दुपारी हात जोडून उभं राहताना ते त्यांना आठवलं नव्हतं. आता आठवलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ते पडदा सारून परत गेले. खाट बराच वेळ कुरकुरत होती.

सोमवारी सकाळी मुली आल्या. कुलूप बघून जिन्यात घुटमळल्या. वनमाला फळा घेऊन बाहेर आली आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीत, स्वतःच्या दाराबाहेर, तो कठड्याला टेकवून ठेवला. मुली भिंतीला पाठ लावून ओळीने बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय टाकायला जागा उरली नाही. नळावर निघालेल्या बायका हंडे डोक्यावर घेऊन त्यांच्या पायांमधून वाट काढत गेल्या, पण त्यातल्या एकीनेही "उठा" म्हटलं नाही. मीरा आली नव्हती.

दत्तारामांची त्या दिवशी दुपारची ड्युटी होती. ते दारात आले, उन्हात डोळे बारीक करून बसलेल्या मुलींकडे पाहिलं, आत गेले. मग आतून खरड खरड आवाज आला. ते लोखंडी खाट ओढत बाहेर आणत होते. खाट त्यांनी दाराशेजारी गॅलरीच्या टोकाला उभी केली, आडवी केली आणि पेपर उघडून वर बसले.

"पोरींका आत घे," ते म्हणाले. पडद्यापाशी शेवंती होती, पण ते तिच्याकडे बघत नव्हते. "वनमाला, तुका सांगतंय. उन्हात कित्याक बसवलंस? जागा केलंय."

ते शब्द गोड नव्हते. रागातलेच होते. वनमालाला ते तसे कोरडेच बरे वाटले. मुली पुस्तकं गोळा करून आत शिरल्या, खाटेच्या जागी दाटीवाटीने बसल्या. फळा कपाटाला टेकवला. ती खडू उचलते तोच जिन्यात पावलं वाजली.

मीरा धावत आली होती, एका वेणीची रिबिन सुटलेली. तिने दत्तारामांना वळसा घातला, चपला दारात टाकल्या आणि पहिल्या रांगेत घुसली. तिच्यामागून दशरथ आणि त्याची बायको. दशरथने पांढरा शर्ट घातला होता, पण खिशातली पेनं राहून गेली होती. आसपासची दारं एकेक करून उघडली.

तो घरात शिरला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून दत्तारामांना म्हणाला, "दत्ताराम, सुनेला सांग, माझ्या पोरीला बाहेर पाठव. कारखान्यात वाट बघतायत."

दत्तारामांनी पेपरचं पान उलटलं. "दार उघडा आसा," ते म्हणाले. "ती आत उभी आसा. मी निरोप सांगणा कालपासून सोडलंय. माका ता नीट जमत नाय."

दशरथ दाराकडे वळला. आत वनमाला खडू हातात धरून उभी होती, आणि तिच्याशी बोलावं लागणार हे टाळायला त्याने बायकोकडे तोंड फिरवलं.

"मीराला सांग," तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता उठ आणि चल."

काकूने तोंड उघडलं. तिला बोलायची वेळ आली नाही.

"काका," पहिल्या रांगेतून मीरा म्हणाली. ती उठली नाही, आणि वहीवरचा हातही तिने काढला नाही. "मी इथेच आहे. मला सांगा."